डाळिंबाची साल, हिरडा आणि तुरटी : नैसर्गिक रंगात सुती कापड रंगवताना काय साधतं, काय नाही

मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. चार हजारांहून जास्त वर्षं जुना, तरी त्यावर मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा लाल रंग ओळखता आला. उलट हळदीत रंगवलेला रुमाल आठवडाभर दोरीवर उन्हात राहिला, तर पिवळा म्हणण्याजोगा उरत नाही. दोन्ही रंग झाडापासूनच आलेले. तेव्हा "नैसर्गिक रंग कच्चेच" किंवा "जुने रंगच पक्के" असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. कोणती वनस्पती, कोणता धागा आणि दोघांना जोडायला मध्ये काय वापरलं, यावर सगळं ठरतं.

या रंगांच्या फायद्या-तोट्यांच्या याद्या भरपूर वाचायला मिळतात. पण एक कापड स्वतः रंगवलं की त्या यादीतलं काय खरं आणि काय जाहिरात, हे लगेच उमगतं. म्हणून आधी कृती देतो, मग बाकीचं बोलू. उदाहरणाला सुती कापड घेतलं आहे, कारण आपल्याकडे वापर त्याचाच आणि रंगवायला अवघडही तेच.

रंग धरतो म्हणजे काय होतं

लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे धागे. त्यांना रंग धरायला जागा असते. सूत म्हणजे सेल्युलोज. बहुतेक वनस्पतीजन्य रंग त्यावर नुसते येऊन बसतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. त्यांना अडकवायला धातूचा क्षार लागतो. रंगारी त्याला बंधक किंवा सरळ मॉर्डंट म्हणतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका बाजूने धाग्याशी आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूशी जोडलं जातं. अडचण अशी की सुताला नुसती तुरटीही नीट धरत नाही. म्हणून तिच्याआधी टॅनिन द्यायचं, म्हणजे तुरट चवीचं द्रव्य. आपल्या सह्याद्रीत ते हिरड्यात ठासून भरलेलं आहे.

हिरडा, मग तुरटी, मग रंग. हा क्रम चुकवून केलेलं सुती काम पहिल्या दोन-तीन धुण्यांत उघडं पडतं. मीठ आणि व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. त्यांच्या नादी लागू नका. मीठ-व्हिनेगर हे वनस्पतीजन्य रंगांचे बंधक नाहीत. बीट, जास्वंद, जांभूळ, लाल कोबी यांचा रंग कापडावर दिसतो झकास, पण कशानेही टिकत नाही.

काय काय लागेल

कोरडं कापड २०० ग्राम, म्हणजे साधारण एक ओढणी. पुढची सगळी मापं या वजनावरून काढलेली आहेत, त्यामुळे कापड वाढलं की सामान त्याच प्रमाणात वाढवा. पाणी कमी-जास्त झालं तर फारसं बिघडत नाही, पण ग्राम चुकले की बिघडतं. एक ग्रामपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

हिरड्याची पूड ४० ग्राम, तुरटी ३० ग्राम, धुण्याचा सोडा १० ग्राम (खळ पुन्हा काढावी लागली तर दर वेळी आणखी ५), डाळिंबाची वाळलेली साल २०० ग्राम, हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, ४ ग्राम. हिरडा आणि हिराकस काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होतो तो बाळहिरडा, म्हणजे कोवळं फळ. ते औषधाला जातं. रंगासाठी पक्व हिरड्याची, बी काढून टाकलेली साल दळून घ्या.

तुरटी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. न्हाव्याकडे असते तशी पांढरी, काचेसारखी पारदर्शक हवी. पाणी शुद्ध करायला विकतात त्या मळकट, तपकिरी झाक असलेल्या ढेपांमध्ये लोह असतं आणि त्याने पिवळा रंग शेवाळी होऊन बसतो. मग सालीला दोष दिला जातो.

पातेली स्टीलची. लोखंडी कढई रंग काळवंडते, तांब्याचं भांडंही छटा बदलतं. या कामाची पातेली, पळे, चमचे वेगळे ठेवा आणि पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

पहिली पायरी : खळ काढणं

कोऱ्या मांजरपाटावर विणताना लावलेली खळ असते आणि सुताचं स्वतःचं मेणही. ते निघालं नाही तर रंग ढगांसारखा इथे गडद, तिथे फिका बसतो. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी सहा-सात लिटर पाण्यात पाच ग्राम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून तासभर मंद आचेवर ठेवा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. "धुतलेलं" म्हणून विकलेल्या कापडातूनही असं पाणी निघतं. पुन्हा पाणी घेऊन हेच करा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत.

झालं की नाही हे बघायला वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब टेकताक्षणी शोषला गेला पाहिजे. मोत्यासारखा वर राहिला तर पातेलं पुन्हा चढवा.

दुसरी पायरी : हिरडा

चाळीस ग्राम पूड थोड्या गरम पाण्यात कालवून गाळा आणि ते पाणी पाच लिटर कोमट पाण्यात मिसळा. हाताला सोसेल इतकंच गरम हवं, उकळायचं नाही. ओलं कापड त्यात पूर्ण बुडवा, अधूनमधून वरखाली करा आणि सहा-आठ तास राहू द्या. नंतर न धुता, हलकं पिळून सावलीत वाळवा. कापडाला लोण्यासारखी पिवळसर छटा येईल. पुढे स्वच्छ गुलाबी किंवा लाल हवा असेल तर ही छटा आड येते. तेव्हा हिरड्याऐवजी माजूफळ वापरतात, ते महाग पडतं पण कापड जवळजवळ पांढरं राहतं.

डाळिंबाच्या सालीत स्वतःचंच टॅनिन पुष्कळ असतं, म्हणून या रंगापुरता हिरडा वगळला तरी चालतो. पण हिरडा दिलेलं कापड धुण्यात जास्त टिकतं, आणि हात बसायला ही पायरी करून पाहावीच.

आंध्रातल्या श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं दूध घालतात. दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमाची रेघ फुटत नाही. आपण सबंध कापड एका रंगात बुडवणार आहोत, तेव्हा दूध वाया घालवू नका.

तिसरी पायरी : तुरटी

तीस ग्राम तुरटी कुटून गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. दुसऱ्या भांड्यात चार ग्राम सोडा विरघळवा आणि ते पाणी तुरटीच्या पाण्यात थोडं थोडं ओता. एकदम फसफसेल, भांडं मोठं असू द्या. सोड्याने तुरटीचा आंबटपणा कमी होतो आणि अॅल्युमिनियम सुतावर जास्त सहज बसतं. फेस शमला की हे पाच लिटर कोमट पाण्यात मिसळा, हिरड्याचं कापड भिजवून आत सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पाण्यातून एकदा हलकेच काढा. न धरलेली तुरटी निघून गेली पाहिजे, नाहीतर ती रंगाच्या पातेल्यात उतरते आणि रंग कापडाऐवजी पाण्यातच गोठून बसतो. जुने रंगारी यासाठी शेणाच्या पाण्यातून कापड काढत. घरी गव्हाच्या कोंड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी भागतं.

चौथी पायरी : रंग

साल आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात तासभर उकळून फडक्यातून गाळा. चोथा तसाच ठेवून कापड आत घातलं तर जिथे साल चिकटते तिथे डाग पडतात.

गाळलेलं पाणी कोमट असताना ओलं कापड आत सोडा. आच हळूहळू वाढवा. कडेला बारीक बुडबुडे यायला लागले, वाफ निघायला लागली की तिथेच थांबवा; खळखळ उकळी नको. तासभर असंच. पहिली वीस मिनिटं पातेल्याजवळून हलू नका, कापड सतत फिरतं ठेवा. रंगाचा सगळ्यात मोठा वाटा याच वेळात बसतो, आणि घडी पडून राहिली तर तिची रेघ पुढे कशानेही जात नाही. मग आच बंद करून कापड पातेल्यातच गार होऊ द्या, जमल्यास रात्रभर. सावलीत वाळवा, आठवडाभर तसंच ठेवा, मग रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा. मोहरीसारखा उबदार पिवळा मिळेल.

पाचवी पायरी, हवी असेल तर : हिराकस

वेगळ्या पातेल्यात चार ग्राम हिराकस कोमट पाण्यात विरघळवा आणि रंगवलेलं, ओलं कापड आत सोडा. पिवळं कापड डोळ्यांदेखत शेवाळी, मग करडं होत जातं. मिनिटभरात अर्धा प्रवास संपलेला असतो. पाच ते दहा मिनिटांत बाहेर काढा आणि भरपूर पाण्यात धुवा. लोहाने रंग उन्हाला जास्त टिकाऊ होतो, हे खरं. पण जास्त झालेलं लोह सूत खातं. जुन्या भारतीय छिटांमध्ये नेमक्या काळ्या रेषांवरच कापड झिजून विरलेलं दिसतं, ते याच कारणाने. कापडाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या, म्हणजे इथल्या चार ग्रामच्या, पुढे जायचा मोह आवरा.

हिराकस लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर विषारी आहे. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि पोटॅशियम डायक्रोमेट (क्रोमचा क्षार) हेही बंधक म्हणून सुचवले जातात. मोरचूद पाण्यातल्या जीवांना घातक, डायक्रोमेट तर कर्करोगकारक. झाडाच्या सालीचा रंग घेऊन तो क्रोमने पक्का करायचा आणि वर त्याला पर्यावरणस्नेही म्हणायचं, याला ढोंग म्हणतात. तुरटी आणि हिराकस या दोघांत भरपूर छटा बसतात.

आता परीक्षा घ्या

ही पायरी बहुतेक लेखांत नसते आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. त्याच कापडाच्या बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या कापा.

पहिल्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यात बंद करून ती उन्हाच्या खिडकीत तीन आठवडे लावा. दुसरी पांढऱ्या सुती कापडाला टाचून घरातल्या नेहमीच्या डिटर्जंटने पाच वेळा धुवा. गिऱ्हाईक रिठा वापरणार नाही, हे धरूनच चाला. तिसरीवर ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासा. चौथीवर एका टोकाला लिंबाचा रस, दुसऱ्या टोकाला साबणाचा थेंब. लिंबाने हिराकसाचा करडा रंग फिका पडतो. जेवणाच्या टेबलावर अंथरायच्या कापडाला म्हणूनच तो रंग नको. साबणाने हळद लालभडक होते हे तर आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं.

प्रयोगशाळेतही तत्त्व हेच, फक्त मोजपट्टी ठरलेली. उन्हासाठी १ ते ८ अंकांची निळ्या लोकरीची पट्टी आणि धुण्यासाठी १ ते ५ ची करडी पट्टी. मोठा माल काढायचा असेल तर मुंबईच्या टेक्स्टाइल्स कमिटीसारख्या ठिकाणाहून चाचणी करून घ्या.

कुठल्या रंगावर भिस्त ठेवावी

मंजिष्ठा, कात, डाळिंब, हिरडा-हिराकस आणि नीळ ही पाच विश्वासाची. मंजिष्ठेला उकळी दिली की लालाचा विटकरी होतो, म्हणून आच मंद. नीळ या सगळ्यांहून वेगळी: ती पाण्यात विरघळतच नाही. चुना आणि गूळ किंवा फळसाखर यांच्या साहाय्याने तिचं रूप बदलावं लागतं, तेव्हा ती धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की हिरवट दिसतं आणि हवा लागून निळं होतं. तिला तुरटी लागत नाही, मात्र घासलं की थोडी हाताला येते. तिची कृती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पळसाची फुलं आणि झेंडू मधल्या फळीतले. तुरटीवर छान बसतात, पण उन्हात हळूहळू विटतात. हळद, पारिजातकाचे देठ आणि करडईच्या फुलांचा कुसुंबी लाल हे देखणे पण क्षणभंगुर. सणाला एकदा नेसायच्या वस्त्राला चालतील, पडद्याला नाही.

फायदा नेमका कशात आहे

पहिला फायदा कचऱ्याचा. डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं, देवळातला झेंडू हे सगळं नाहीतरी उकिरड्यावरच जाणार. सोलापूर-सांगोल्याच्या पट्ट्यात रस काढणाऱ्यांकडे सालीचे ढीग पडतात. त्या सालीसाठी वेगळी जमीन लागत नाही, वेगळं पाणी लागत नाही. हाच या रंगाचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मंजिष्ठेला लागू होत नाही, कारण तिथे मूळच उपटावं लागतं. झाडाची साल सोलून काढायच्या रंगांचंही तसंच.

दुसरा फायदा सांडपाण्याचा. सुतासाठी वापरतात त्या रिअॅक्टिव्ह रंगांचा काही हिस्सा धाग्याला न लागताच पाण्यात जातो, सोबत मीठही पुष्कळ जातं. इचलकरंजीच्या कापड-प्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्याने होणारं पंचगंगा नदीचं प्रदूषण हा विषय कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. अझो या कृत्रिम रंगांच्या गटातल्या काही रंगांपासून अमाईन नावाची घातक रसायनं सुटतात, म्हणून भारतातही १९९७ पासून अशा रंगांवर बंदी आहे. पण याचा अर्थ सगळे कृत्रिम रंग विषारी असा नाही, आणि वनस्पतीचं सांडपाणी आपोआप निर्मळ असाही नाही. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. ते दुसऱ्या कापडाला, निम्मी तुरटी नव्याने घालून, पुन्हा वापरा. शेवटी थोडा चुना घालून मगच टाका, आणि कुंड्यांत अजिबात ओतू नका.

तिसरा फायदा डोळ्यांना कळतो. एका सालीत एकच रंगद्रव्य नसतं, अनेक असतात. त्यामुळे डाळिंबाचा पिवळा आणि मंजिष्ठेचा लाल शेजारी ठेवले तर भांडत नाहीत.

औषधी गुणांचं मात्र जपून बोला. हळदीचं किंवा कडुनिंबाचं कापड नेसल्याने त्वचेचे आजार बरे होतात, असं लेबलावर लिहिणं म्हणजे लोकांची दिशाभूल. आणि "वनस्पतीचं आहे, म्हणून अॅलर्जी येणारच नाही" हेही खरं नाही.

नैसर्गिक म्हणजे न्याय्य, हेही गृहीत धरू नका. बिहारमधल्या चंपारणमध्ये शेतकऱ्यावर दर वीस कठ्ठ्यांतल्या (कठ्ठा हे तिथलं जमिनीचं माप) तीन कठ्ठा जमिनीत नीळ लावायची सक्ती होती, आणि १९१७ चा गांधीजींचा सत्याग्रह त्याच नैसर्गिक निळीच्या जाचाविरुद्ध होता. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात होती, तरीही हा जाच चालूच होता.

तोटे, ज्यांचा हिशेब आधी करावा

वेळ आणि सरपण. वर सांगितलेलं एक कापड रंगवून व्हायला चार-पाच दिवस लागतात, धुण्याआधी आठवडाभर ठेवायचं ते वेगळं, आणि पातेलं निदान तीनदा चुलीवर चढतं. आणि पाणी! प्रत्येक पायरीला पाच-सहा लिटर. "नैसर्गिक रंगाला पाणी कमी लागतं" हे विधान घरगुती पद्धतीला तरी लागू नाही.

रंग जुळत नाही. यंदाच्या सालीचा पिवळा पुढच्या वर्षी तसाच येईल याची हमी नाही. पाण्यानेही फरक पडतो. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं आणि अजरख या ठशांनी छापायच्या कापडाचे रंग बिघडू लागले. तेव्हा डॉ. इस्माईल खत्री आणि इतर कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पाण्यापायी गाव हलवायची वेळ येते, इतका हा मामला नाजूक आहे. तुमच्या बोअरच्या पाण्याने बादलीत तांबूस थर धरत असेल, तर फिक्या पिवळ्याचा नाद सोडा आणि करड्या-तपकिरी छटांकडे वळा, किंवा पावसाचं पाणी साठवा.

पॉलिस्टरला हे रंग घरगुती पद्धतीने धरत नाहीत. मिश्र कापडात फक्त सुताचा भाग रंगतो आणि कापड ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं. शिवलेला कुर्ता रंगवायचा असेल तर शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो, तो पांढराच राहील. काहींना ते आवडतं.

विकायचं असेल तर

तीस कुर्त्यांचं काम आलं तर सगळ्यांचं कापड एकाच वेळी हिरड्यात, एकाच वेळी तुरटीत आणि एकाच घाण्याच्या रंगात गेलं पाहिजे. तेवढं मोठं पातेलं नसेल तर काम घेऊ नका किंवा छटा बदलतील हे आधीच लिहून द्या. वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारख्या ठिकाणी खादीवर वनस्पतीजन्य रंगांचं काम चालतं. मोठ्या प्रमाणावर जायच्या आधी ते प्रत्यक्ष बघून या.

प्रत्येक घाण्याची एक पट्टी वहीत चिकटवा. शेजारी कापडाचं वजन, सालीचं वजन, तुरटी, पाणी कुठलं आणि तारीख लिहा. किंमत काढताना गॅस आणि स्वतःचे तास मोजा, नाहीतर सालीच्या भावावर किंमत लावाल आणि फुकट राबाल.

लेबलावर "१०० टक्के हर्बल" लिहू नका. तुरटी आणि हिराकस हर्बल नव्हेत. त्याऐवजी सरळ लिहा : सुती कापड, डाळिंबाची साल, हिरडा, तुरटी आणि हिराकस, सौम्य साबण, गार पाणी, सावलीत वाळवा, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा डाग पडू देऊ नका, रंग वापराने हळूहळू फिका होईल.